काँक्रीटचं कवच: जागेवर ओतायचं की तुकड्यांत?

काँक्रीटचं कवच म्हणजे पातळ, वक्र छत. ते जागेवर ओतायचं तर बराचसा पैसा सेंट्रिंगमध्येच, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्यातच जातो. वास्तुविशारद फेलिक्स कॅन्डेला यांनी 1958 मध्ये मेक्सिकोत लोस मानान्तियालेस या रेस्टॉरंटचं जेमतेम 4 सेंटीमीटर जाडीचं छत सरळ फळ्यांवर ओतलं. आकारच तसा निवडला होता: वक्र, पण सरळ रेषांनी बनणारा. पुढे मजुरी महागली आणि हे गणित कोलमडलं.

प्रीकास्टचा, म्हणजे तुकडे आधी साच्यात ओतून मग जागेवर जोडण्याचा, हिशेब वेगळा. सिडनी ऑपेरा हाउसची कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून घेतली, म्हणून तेच साचे पुन्हापुन्हा वापरता आले. आता सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र संगणकातल्या मॉडेलवरून फोमचा साचा थेट कोरतं, त्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळा असला तरी चालतं. (वापरलेला फोम बहुधा कचऱ्यातच जातो, हे मात्र कुणी सांगत नाही.) खरी डोकेदुखी सांध्यांची: दोन-चार मिलिमीटरची चूक पुढच्या तुकड्यांत साठत जाते. तरी मुक्त आकारासाठी मी प्रीकास्टच निवडेन.