आईचं स्मरणकार्ड छापून घेताना: नाना पेठेतल्या एका छापखान्याबद्दल

निधनानंतर महिन्यानं होणाऱ्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) वाटलेलं स्मरणकार्ड प्रार्थनापुस्तकात जातं आणि तिथं वर्षानुवर्षं राहतं. पुण्यात क्वार्टर गेटला, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभ्या असलेल्या सिटी चर्चपासून पायी जाता येईल इतक्या जवळचा हा छोटा डिजिटल छापखाना ते ओळखून काम करतो. आमची पहिली पसंती म्हणूनच त्याला.

घडी घातल्यावर कार्ड 2.75 × 4.25 इंचांचं हवं, तरच ते प्रार्थनापुस्तकात मावतं. उघडल्यावर ते 5.5 × 4.25 होतं. 12 × 18 च्या शीटवर अशी आठ बसतात, तेव्हा ऑर्डर आठच्या पटीत द्यावी. 200 कार्डांना 25 शीट लागतात. फोटो किंवा रंग अगदी कडेपर्यंत हवा असेल, तर कापणीसाठी चारी बाजूंना 3 मिलिमीटर जादा सोडावे लागतात आणि शीटवर सहाच बसतात. पांढरी कड ठेवा. खर्च वाचतो आणि कार्ड सोज्वळ दिसतं.

कागद 300 जीएसएमचा आर्ट कार्ड. एवढ्या जाड कागदाला घडीआधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर खाच दाबणं) लागतंच, नाहीतर टोनर (छपाईची पूड) तडकून घडीवर पांढरी रेघ उमटते. इथे ते न सांगता होतं, आणि मशीनवर होतं. लॅमिनेशन एकाच बाजूला करू नका. पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा शोषून फुगते, प्लॅस्टिकची बाजू तशीच राहते आणि कार्ड वळतं. दोन्ही बाजूंना मॅट करा किंवा करूच नका.

फोटोच्या बाबतीत मात्र मालकांना आधीच बजावून ठेवावं लागतं. त्यांचं सॉफ्टवेअर चेहरा गुळगुळीत करतं, आणि नव्वदीतल्या आईच्या सुरकुत्या गेल्या की ती आई राहतच नाही. पार्श्वभूमी आपोआप कापली तर पांढरे केस आणि डोक्यावरच्या पदराची कड भिंतीबरोबर निघून जाते. हे काम हातानं करून मागा. ते करतात, आणि छान करतात. जुना कृष्णधवल फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 2.25 इंच रुंदीच्या छपाईला निदान 675 पिक्सेल लागतात. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारकावे जातात.

कच्ची बाजू म्हणजे मराठी अक्षरजुळणी. कॉम्प्युटरवर जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. फोनवरून पाठवलेला मजकूर त्यात टाकला की ‘मिस्सा’तली वेलांटी सरकते आणि ‘आत्म्यास’ तुटतं. पीडीएफ स्वतः करून न्या. अक्षर 11 पॉइंटांपेक्षा लहान नको, दोन ओळींमध्ये मोकळी जागा हवी. कार्ड वाचणाऱ्यांत आईच्या वयाच्या मैत्रिणी असतात.

तारखा आठवणीवर सोडू नका. तिचा बाप्तिस्मा ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) झाला, तिथल्या नोंदवहीत बाप्तिस्म्याबरोबर दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्नाच्या नोंदीही सापडतात. फादरांकडून उतारा मागवा. नाव तिथं आहे तसंच छापा, घरचं नाव खाली द्या.

एवढं दीर्घ आयुष्य चार बाजूंत मावत नसेल तर आठ पानी पुस्तिका घ्या. पिनांच्या बांधणीत पानं चारच्या पटीतच येतात, त्यामुळे सहा किंवा दहा पानांचा हट्ट धरू नये. पुस्तिकेत मुलांच्या पदव्यांची यादी देण्यापेक्षा आईच्या भक्तीला जागा द्या: बुधवारची नोव्हेना (दर आठवड्याची खास प्रार्थना), घरात म्हटली जाणारी जपमाळ, तिचा आवडता संत. जपमाळेची रहस्ये (येशू-मारियेच्या जीवनातले चिंतनाचे प्रसंग) छापणार असाल तर जुन्या पुस्तिकेवरून उतरवू नका. प्रकाशाची रहस्ये 2002 मध्ये आली, जुन्या छपाईत ती नाहीत. पोपभेटीच्या फोटोंखालच्या ओळीही तपासा. 1964 ला मुंबईत आले ते सहावे पॉल, 1986 ला पुण्यात आले ते दुसरे जॉन पॉल.

2 नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधीच्या आठवड्यात इथे गर्दी असते, तेव्हा काम त्याआधी द्या. आणि मंजुरी फोनवरच्या चित्रावर देऊ नका. त्याच कागदावर एक प्रत छापून, घडी घालून मागा. मागितली तर ते नाही म्हणत नाहीत, त्या एका शीटचे पैसे तेवढे वेगळे लावतात.