बीए टू प्लस: एमबीएच्या पहिल्या वर्षात हा कॅल्क्युलेटर कधी घ्यावा, कसा लावावा

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस हा फायनान्शियल कॅल्क्युलेटर चांगला आहे, पण प्रवेश मिळाल्या मिळाल्या घेण्याची वस्तू नाही. पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजरियल इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, ओबी (संस्थेतल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास) आणि मार्केटिंग असतं. अकाउंटिंगला हवा तो मोठ्या बटणांचा, बारा अंकी, जीटीची (सगळ्या बेरजांची एकूण बेरीज देणारी) कळ असलेला साधा टेबल कॅल्क्युलेटर. ट्रायल बॅलन्सच्या लांबलचक बेरजा बीए टू प्लसवर करायला गेलात तर दहा अंकी पडदा आणि बारीक कळा यांचा वैताग येईल. खरेदी करायची ती कॉर्पोरेट फायनान्सचा पेपर सुरू होताना. तेव्हा मात्र टाळाटाळ नको, कारण यंत्र हाताला बसायला वेळ लागतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो मिळत नाही.

यंत्र हातात आलं की आधी चार गोष्टी तपासा. वर्गात उत्तरं चुकतात त्यातली बहुतेक सूत्र न कळल्यामुळे चुकत नाहीत, या चारांपैकी एखादी राहून गेल्यामुळे चुकतात.

पहिली, दशांश स्थळं. कारखान्यातून यंत्र दोन दशांशांवर येतं. आत हिशेब पूर्ण अचूकतेने होतो, पण पडद्यावर ०.००८७५ चं ०.०१ दिसतं आणि विद्यार्थी तेच कागदावर उतरवतो. 'सेकंड', मग 'फॉरमॅट' (टिंबाच्या कळीवर लिहिलेलं आहे), मग ९ आणि 'एंटर'. आता लागतील तेवढे दशांश दिसतात. निदान ४ तरी ठेवाच.

दुसरी, क्रिया करण्याचा क्रम. हे यंत्र मुळात 'सीएचएन' म्हणजे साखळी पद्धतीत असतं: जसं दाबाल तसं डावीकडून उजवीकडे मोजत जातं. स्थिर खर्च ५,००० रुपये आणि २०० नग प्रत्येकी १५ रुपयांना, हा एकूण खर्च ८,००० यायला हवा. सीएचएनमध्ये ५००० + २०० × १५ दाबलं की उत्तर येतं ७८,०००, कारण आधी बेरीज होते. फॉरमॅटमध्येच खाली जाणारा बाण चार वेळा दाबा, 'सीएचएन' दिसलं की 'सेकंड', 'सेट'. पडद्यावर 'एओएस' आलं की गुणाकार-भागाकार आधी होतील. सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरून आलेल्या इंजिनिअर मुलांनी तर हे पहिल्याच दिवशी करावं. त्यांच्या बोटांना एओएसचीच सवय असते.

तिसरी गोष्ट पी/वाय, म्हणजे वर्षातले हप्ते. सगळ्यात जास्त घात इथेच होतो. नव्या यंत्रात हा आकडा १ असतो, जुन्यात १२ असायचा. सेकंडहँड घेतलेलं किंवा मित्राकडून मागून आणलेलं यंत्र कुठल्या आकड्यावर आहे ते बघितल्याशिवाय त्यावर काही सोडवू नका. उदाहरण घेऊ: १० लाखांचं कर्ज, ५ वर्षं, वार्षिक १२ टक्के, मासिक हप्ता. पी/वाय १ असताना एन (हप्त्यांची संख्या) मध्ये ६०, आय/वाय (व्याजदर) मध्ये १, पीव्ही (आजची रक्कम) मध्ये १०,००,०००, एफव्ही (शेवटी उरणारी रक्कम) शून्य, मग 'सीपीटी' (उत्तर काढ), 'पीएमटी' (हप्ता). उत्तर उणे २२,२४४.४५. आता पी/वाय १ च ठेवून आय/वाय मध्ये चुकून १२ टाका. हप्ता १,२०,००० च्याही वर जातो, कारण यंत्र महिन्याला १२ टक्के व्याज धरतं. हा आकडा निदान डोळ्यात खुपतो. पी/वाय १२ असताना वार्षिक हप्त्यांचं गणित सोडवलं तर चूक बेमालूम लपते, पटकन सापडत नाही.

माझा आग्रह असा की पी/वाय कायम १ ठेवावा आणि दर स्वतः भागून टाकावा: ८.५ ÷ १२ = करून थेट आय/वाय दाबा. ०.७१ असं हाताने टाकू नका, नाहीतर हप्ता काही रुपयांनी सरकतो आणि पर्यायी उत्तरांत नेमका जवळचा चुकीचा पर्याय दिलेला असतो.

चौथी, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की अखेरीला. 'सेकंड', 'बीजीएन' वर जाऊन बदलता येतं. सुरुवातीचा प्रकार चालू असेल तर पडद्यावर वर बारीक अक्षरांत बीजीएन दिसतं. वरचंच कर्ज त्या प्रकारात सोडवलं तर हप्ता २२,०२४.२१ येतो. फरक फक्त २२० रुपयांचा, म्हणून लक्षातही येत नाही. भाड्याचं किंवा लीजचं गणित झालं की ते परत 'एंड' वर आणून ठेवायचं, ही सवय लावून घ्या.

या सगळ्या सेटिंग्ज यंत्र बंद केल्यावरही टिकतात. बॅटरी बदलली किंवा 'रीसेट' केलं की पुसल्या जातात. परीक्षेच्या हॉलमध्ये काही ठिकाणी मेमरी साफ करायला लावतात, तेव्हा पुसले गेलेले दशांश आणि एओएस तिथेच परत लावता आले पाहिजेत. एक मिनिटसुद्धा लागत नाही, हाताला माहीत असलं तर.

चिन्हांचा नियम समजून घेतला की यंत्र अर्धं जिंकलं. हातात येणारा पैसा अधिक, हातातून जाणारा उणे. कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने पीव्ही अधिक, पीएमटी उणे. दोन्ही अधिक टाकून दर काढायला गेलात की 'एरर ५' येतं: अशा व्यवहारात व्याजदर असूच शकत नाही. उणे करण्यासाठी आधी आकडा, मग +/− ची कळ. वजाबाकीची कळ दाबून चालत नाही. आणि प्रत्येक नव्या गणिताआधी 'सेकंड', 'सीएलआर टीव्हीएम' (एफव्हीच्या कळीवर). मागच्या गणितातला एफव्ही आत बसून राहणं ही वर्गातली नेहमीची चूक आहे. सीई/सी दाबून पडदा स्वच्छ होतो, एन, आय/वाय, पीव्ही, पीएमटी, एफव्ही ही पाच चलं होत नाहीत.

या पाच कळांचं खरं मोल कळतं ते फ्लॅट व्याजाच्या गणितात. गाडीच्या शोरूममध्ये १ लाखाचं कर्ज ३ वर्षांसाठी "फक्त ८ टक्के फ्लॅट" म्हणून सांगतात. व्याज २४,०००, हप्ता १,२४,००० भागिले ३६, म्हणजे ३,४४४.४४. एन ३६, पीव्ही १,००,०००, पीएमटी उणे ३,४४४.४४, एफव्ही ०, सीपीटी आय/वाय. महिन्याचा दर साधारण १.२१ येतो, वर्षाचा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. दर महिन्याला मुद्दल फिटत असतं, तरी व्याज पूर्ण १ लाखावरच लावलेलं असतं, म्हणून हा फरक. हे एकदा स्वतः दाबून पाहिलेला विद्यार्थी फ्लॅट आणि रिड्युसिंग (फक्त उरलेल्या मुद्दलावरचं व्याज) यांत पुन्हा गोंधळत नाही.

'अमॉर्ट' म्हणजे कर्जफेडीचं वर्कशीटही बघा. १० लाखांच्या त्या कर्जात पी१ (पहिला हप्ता) मध्ये १, पी२ (शेवटचा हप्ता) मध्ये १२ टाकलं की पहिल्या वर्षाचा हिशेब मिळतो: मुद्दल सुमारे १.५५ लाख, व्याज सुमारे १.१२ लाख, शिल्लक ८.४५ लाखांच्या जवळ. शैक्षणिक कर्ज घेऊन शिकणाऱ्यांनी स्वतःच्या कर्जाचे आकडे घालून हे जरूर करावं.

कॅपिटल बजेटिंगसाठी, म्हणजे गुंतवणूक परवडते का ते पाहण्यासाठी, 'सीएफ' (रोख प्रवाह) कळ. सीएफ० मध्ये उणे ५,००,०००. पुढे १,५०,०००, २,००,००० आणि २,५०,०००. प्रत्येक आकड्यानंतर एंटर, मग खाली बाण. मध्ये 'एफ०१' विचारतं, ती रक्कम लागोपाठ किती वर्षं येते याची संख्या. एकदाच येत असेल तर १ तसाच ठेवून पुढे जा. एंटर न दाबता बाण दाबला तर आकडा जमा होत नाही. जमा झाल्याची खूण म्हणजे नावापुढे = दिसतं. मग 'एनपीव्ही' (आजच्या मूल्यातला निव्वळ फायदा-तोटा), आय मध्ये १०, एंटर, बाण, सीपीटी: उणे १०,५१८.४१. 'आयआरआर' (एनपीव्ही शून्य होतो तो दर), सीपीटी: ८.९०. असे २४ वेगवेगळे प्रवाह बसतात, पहिल्या वर्षाला भरपूर झाले.

इथे परीक्षेची एक अडचण सांगायला हवी. अनेक विद्यापीठांच्या पेपरात वर्तमान मूल्याचे तक्ते वापरून उत्तर अपेक्षित असतं. चार दशांशी तक्त्याने हीच एनपीव्ही उणे १०,५३० येते, तीन दशांशी तक्त्याने उणे १०,७००. चूक कोणाचीच नाही, पण नुसतं यंत्राचं उत्तर लिहिलं तर पायऱ्यांचे गुण जातात. तक्त्यातल्या फॅक्टरचा (गुणकाचा) कॉलम मांडा आणि यंत्राचा उपयोग पडताळणीसाठी करा. एक्सेलमध्ये पडताळणार असाल तर तिथलं एनपीव्ही फंक्शन पहिली रक्कमही एक वर्ष मागे नेतं. सुरुवातीची गुंतवणूक आत घातली की उत्तर उणे ९,५६२.१९ येतं, ती बाहेर ठेवून वेगळी मिळवायची असते.

भारतीय विद्यार्थ्यांना टोचतील अशा काही गोष्टी आहेत. पडद्यावर स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर येतात, त्यामुळे दहा लाख १,०००,००० असे दिसतात आणि घाईत शून्य चुकतं. गणित कोटींत असेल तर सगळे आकडे लाखांत टाका. तारखेची रचना मुळात महिना आधी अशी अमेरिकन आहे. फॉरमॅटमध्ये ती 'ईयूआर' करून दिवस आधी आणता येतो. घसाऱ्याच्या वर्कशीटमध्ये आपली डब्ल्यूडीव्ही पद्धत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा) थेट नाही. 'डीबी' निवडल्यावर यंत्र टक्केवारीला मालमत्तेच्या आयुष्याने (वर्षांनी) भागतं, म्हणून १५ टक्के दराने घसारा हवा असेल तर आयुष्य १० आणि डीबी १५० टाकावं लागतं. हे कळेपर्यंत बरेच जण ते वर्कशीट सोडून देतात.

स्टॅटिस्टिक्ससाठी सरासरी, प्रमाण विचलन आणि साधं रिग्रेशन होतं, ५० नोंदींपर्यंत. नॉर्मल वितरण मात्र नाही, झेड तक्ता जवळ ठेवावाच लागतो. 'ब्रेकईव्हन' वर्कशीट कॉस्टिंग आणि मार्केटिंगच्या केसमध्ये कामाला येतं: नफ्याच्या जागी शून्याऐवजी लक्ष्य टाकलं की लागणारी विक्री थेट मिळते.

दुसरा पर्याय कॅसिओचा एफसी-१००व्ही. तो स्वस्त पडतो, सगळी चलं नावांसह पडद्यावर यादीसारखी दिसतात, त्यामुळे काय टाकलंय ते समोर राहतं. शिकायला तो बीए टू प्लसपेक्षा सोपा, हे मान्य केलं पाहिजे. ज्यांना मार्केटिंग किंवा एचआर घ्यायचं आहे त्यांनी तोच घ्यावा. पण सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेत तो चालत नाही. तिथे फक्त बीए टू प्लस आणि एचपी १२सी, त्यांच्या प्रोफेशनल आणि प्लॅटिनम आवृत्त्यांसह. एचपी १२सी १९८१ पासून बाजारात आहे आणि मजबूत आहे, पण आधी आकडे आणि मग क्रिया ही त्याची पद्धत पहिल्या वर्षाच्या धावपळीत नव्याने शिकण्यात मला अर्थ दिसत नाही. बीए टू प्लस प्रोफेशनलमध्ये पेबॅक (गुंतवणूक वसूल व्हायचा काळ), सुधारित आयआरआर आणि रोख्यांचं ड्युरेशन मिळतं. वर्गासाठी साधी आवृत्ती पुरते.

घेण्याआधी आपल्या संस्थेचा परीक्षा विभाग फायनान्शियल कॅल्क्युलेटर चालू देतो का, ते लेखी नियमात बघा. काही ठिकाणी फक्त साधा चालतो. पास आउट होणाऱ्या सिनियरकडून जुना मिळत असेल तर बेधडक घ्या, फक्त आधी रीसेट करा, शून्य ते नऊ सगळे आकडे आणि सेकंड, सीपीटी, एंटर या सर्वाधिक झिजणाऱ्या कळा दाबून बघा, पडद्यावरचा एखादा आडवा-उभा तुकडा गायब नाही ना ते ८८८८८८ टाकून तपासा, आणि वरचं १० लाखांचं गणित सोडवा. २२,२४४.४५ आलं की पैसे द्या. नवी सीआर२०३२ बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते; परीक्षेच्या आठवड्यात एक पेन्सिल बॉक्समध्ये असू द्या.