युरोपीय महासंघाच्या शेजाऱ्याने कोणता करार निवडावा? युक्रेन, ब्रिटन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडच्या वाटांची तुलना

युरोपीय महासंघाच्या शेजारी असलेल्या, पण सदस्य नसलेल्या प्रत्येक देशापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो: महासंघाशी असलेलं नातं कोणत्या प्रकारच्या करारात बांधायचं? चर्चा सुरू झाली की सगळ्यांचं लक्ष मजकुराकडे जातं. कोणत्या मालावर किती शुल्क, किती कोटा, कामगारांना किती मोकळीक, याच्या याद्या टेबलावर येतात. त्या याद्या उघडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात असं माझं ठाम मत आहे. एक, हा करार कुणाकुणाच्या मंजुरीवाचून अडू शकतो? दोन, लागू झाल्यावर त्यातले नियम बदलण्याचा अधिकार कुणाच्या हाती राहणार आहे? गेल्या तीसेक वर्षांत शेजारी देशांना जे चटके बसले, ते बहुतांशी याच दोन जागी.

हा आढावा मुद्दाम शेजारी देशाच्या बाजूने लिहिला आहे. करार रखडला तर महासंघाचा गाडा चालूच राहतो. खोळंबा होतो तो शेजाऱ्याच्या निर्यातदारांचा, विद्यार्थ्यांचा आणि सरकारचा.

मंजुरीची वाट: युक्रेन आणि ब्रिटन

महासंघाच्या बाजूची प्रक्रिया महासंघाचं कामकाज ठरवणाऱ्या कराराच्या (लिस्बन करारानंतरच्या) 218 व्या कलमात दिली आहे. सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद वाटाघाटींचा अधिकार देते, बहुतेक विषयांत युरोपीय आयोग, म्हणजे महासंघाची कार्यकारी संस्था, वाटाघाटी करतो, मंत्रिपरिषद सहीला परवानगी देते, युरोपीय संसद संमती देते आणि शेवटी मंत्रिपरिषद करार पक्का करते. इथवर वाट सरळ आहे. पण करारातला काही भाग सदस्य देशांच्या अधिकारात येत असेल, तर तो 'संमिश्र' करार ठरू शकतो. मग प्रत्येक सदस्य देश आपापल्या राज्यघटनेप्रमाणे त्याला वेगळी मंजुरी देतो. बेल्जियमसारख्या देशात प्रांतिक विधिमंडळांचीही संमती लागते. म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही कधी टेबलावर बसलाच नाहीत, त्यांच्यापैकी कुणीही एक जण करार अडवून धरू शकतो.

युक्रेनने हे सगळं भोगलं. साहचर्य कराराच्या (राजकीय सहकार्य आणि व्यापार एकत्र बांधणाऱ्या मोठ्या कराराच्या) वाटाघाटी 2007 मध्ये सुरू झाल्या, 2011 अखेर संपल्या, 2012 मध्ये मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या. नोव्हेंबर 2013 मध्ये विल्नियसच्या शिखर परिषदेत सही व्हायची होती, पण आठवडाभर आधी राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या सरकारने तयारी थांबवली. त्यातून कीव्हच्या मैदानावरचं आंदोलन उभं राहिलं आणि सरकार गेलं. पुढच्या सरकारने राजकीय भागावर 21 मार्च 2014 रोजी आणि उरलेल्या भागावर 27 जून रोजी सही केली. 16 सप्टेंबर 2014 रोजी कीव्हची संसद आणि स्ट्रासबर्गमध्ये भरलेली युरोपीय संसद व्हिडिओ दुव्याने जोडल्या गेल्या आणि दोन्हीकडे एकाच वेळी मतदान झालं. कीव्हमध्ये 355 मतं बाजूने पडली, स्ट्रासबर्गमध्ये 535 विरुद्ध 127. ते दृश्य पाहणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की काम झालं.

करार पूर्णपणे लागू व्हायला त्यानंतर जवळपास तीन वर्षं लागली. नेदरलँड्सच्या दोन्ही सभागृहांनी 2015 मध्ये मंजुरीचा कायदा केला होता. पण त्याच वर्षी तिथे सल्लात्मक सार्वमताचा नवा कायदा अमलात आला होता आणि नागरिकांनी सह्या गोळा करून या करारावर मतदान घडवून आणलं. 6 एप्रिल 2016 रोजी 61 टक्के मतं विरोधात गेली. मतदान झालं जेमतेम 32 टक्के, पण वैधतेसाठी 30 टक्केच पुरेसे होते. विरोधात मत देणाऱ्या अनेकांचा राग युक्रेनवर नव्हताच, तो ब्रुसेल्सवर, म्हणजे महासंघाच्या कारभारावर, आणि स्वतःच्या सरकारवर होता. युक्रेनच्या वाटाघाटी करणाऱ्यांना याचा अंदाज येणं किंवा त्याला उत्तर देणं शक्यच नव्हतं.

मार्ग निघाला तो महासंघाच्या नेत्यांनी 15 डिसेंबर 2016 रोजी घेतलेल्या निर्णयातून. कराराच्या मजकुराला हात न लावता त्यांनी त्याचा अर्थ स्पष्ट केला: या करारामुळे युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळत नाही, सामूहिक संरक्षणाची हमी मिळत नाही, युक्रेनी नागरिकांना सदस्य देशांत राहण्या-काम करण्याचा हक्क मिळत नाही, आणि जादा पैशाची बांधिलकीही येत नाही. त्यानंतर 30 मे 2017 रोजी डच वरिष्ठ सभागृहाने मंजुरी दिली आणि 1 सप्टेंबर 2017 पासून करार पूर्णपणे लागू झाला. सह्या झाल्यावर, युक्रेन त्या खोलीत नसताना, त्याच्या कराराचा अर्थ असा आखून दिला गेला. संमिश्र कराराचा सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो. उशीर सोसता येतो, पण आपण वाटाघाटीत मिळवलेल्या शब्दांचा अर्थ दुसऱ्यांनी आपापसांत ठरवणं सोसणं फार कठीण आहे.

तरी युक्रेन तगला तो तात्पुरत्या अंमलबजावणीमुळे. कराराचा बराचसा भाग 1 नोव्हेंबर 2014 पासून आणि व्यापाराचा भाग 1 जानेवारी 2016 पासून, सर्वांची मंजुरी येण्याआधीच, अमलात आला होता. डच सार्वमताच्या दिवशी युक्रेनी माल नव्या दरांनी महासंघात जातच होता. जॉर्जिया आणि मोल्दोवा यांनी त्याच 27 जून 2014 रोजी याच जातीच्या करारांवर सह्या केल्या; ते दोन्ही 1 जुलै 2016 रोजी पूर्णपणे लागू झाले, कुठे सार्वमत नाही, कुठे गाजावाजा नाही. म्हणजे धोका प्रत्येक वेळी खरा होतोच असं नाही. पण तो कधी खरा होईल हे तुमच्या हातात नसतं.

आता ब्रिटन. महासंघ सोडल्यानंतरच्या व्यापार आणि सहकार्य करारावर एकमत झालं 24 डिसेंबर 2020 रोजी. 30 डिसेंबरला ब्रिटिश संसदेने एका दिवसात कायदा मंजूर केला आणि 1 जानेवारी 2021 पासून तात्पुरती अंमलबजावणी सुरू झाली. युरोपीय संसदेने एप्रिलअखेर 660 विरुद्ध 5 मतांनी संमती दिली आणि 1 मे 2021 रोजी करार पूर्णपणे लागू झाला. पाच महिन्यांच्या आत सगळं आटोपलं, कारण महासंघाने हा करार संमिश्र न करता फक्त स्वतःच्या नावाने केला. मंत्रिपरिषदेत सगळ्या सदस्यांचं एकमत लागलं, पण त्यांच्या संसदांकडे मंजुरीसाठी जावं लागलं नाही.

या वेगाची किंमतही बघायला हवी. बाराशेहून अधिक पानांच्या दस्तऐवजाला ब्रिटिश खासदारांच्या वाट्याला एक दिवस आला. परराष्ट्र धोरण आणि संरक्षण हे विषय ब्रिटनच्याच इच्छेने बाहेर राहिले. लोकांच्या ये-जा करण्याबाबत तर फारच थोडं हाती लागलं. पटकन मंजूर होणारा करार अनेकदा पातळ असतो. ज्याला आधी बाजारपेठ शाबूत ठेवायची आहे, त्याला मात्र असा पातळ करार पुरतो.

संमिश्र की निव्वळ महासंघाचा, हे शेजारी देश ठरवत नाही; महासंघ ठरवतो. पण शेजाऱ्याच्या हातात विषयांची निवड असते. 16 मे 2017 रोजी महासंघाच्या न्यायालयाने सिंगापूरबरोबरच्या करारावर मत देताना स्पष्ट केलं की व्यापाराचे बहुतेक विषय महासंघाच्या एकट्याच्या अधिकारातले आहेत. अडचण आहे ती थेट नसलेली गुंतवणूक (कंपनीच्या कारभारावर ताबा न घेता केलेली) आणि गुंतवणूकदार विरुद्ध सरकार अशा वादांच्या यंत्रणेची. त्यानंतर आयोगाने गुंतवणुकीचा भाग वेगळ्या करारात काढायला सुरुवात केली. शेजाऱ्यानेही हाच धडा घ्यावा. जो विषय सगळ्या संसदांची दारं उघडतो, तो खरोखर हवा आहे का हे आधी विचारावं, आणि हवा असेल तर स्वतंत्र करारात ठेवावा.

नियमांची वाट: नॉर्वे आणि स्वित्झर्लंड

ही तुलना मला सर्वांत बोलकी वाटते, कारण दोघांची सुरुवात एकच होती. 2 मे 1992 रोजी पोर्तोमध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सदस्य नसलेल्या देशांना महासंघाच्या एकल बाजारपेठेत घेणाऱ्या, करारावर दोघांनीही सही केली. नॉर्वेच्या संसदेत अशा करारासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागत होतं. ऑक्टोबर 1992 मध्ये ते 130 विरुद्ध 35 असं मिळालं. स्वित्झर्लंडमध्ये 6 डिसेंबर 1992 रोजी सार्वमत झालं आणि 50.3 टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्या दिवसापासून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. स्विस नकाराचा फटका लिश्टेनश्टाइनलाही बसला: तिथल्या मतदारांनी आठवड्याभराने होकार दिला, पण स्वित्झर्लंडशी असलेल्या सीमाशुल्क संघाची (आपापसांत शुल्क नाही, बाहेरच्या मालावर एकच शुल्क, अशा व्यवस्थेची) नव्याने जुळवणी करावी लागली आणि प्रवेश मे 1995 पर्यंत लांबला.

नॉर्वेची वाट म्हणजे एकदा मंजुरी, मग सतत जुळवून घेणं. एकल बाजारपेठेचा नवा कायदा ब्रुसेल्समध्ये झाला की तो संयुक्त समितीमार्फत करारात येतो आणि नॉर्वेत लागू होतो. तो कायदा करताना नॉर्वेला मत नसतं. नकाराचा अधिकार कागदावर आहे. मात्र कराराच्या 102 व्या कलमाप्रमाणे नकार दिला तर संबंधित भाग स्थगित होऊ शकतो. टपाल सेवेच्या तिसऱ्या निर्देशाला नॉर्वेच्या सरकारने 2011 मध्ये नकार जाहीर केला होता, पण 2013 मध्ये सत्ता बदलल्यावर नव्या सरकारने तो मागे घेतला. हा अधिकार वापरणं किती जड जातं ते यातून दिसतं. तरीही तीस वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था टिकली आहे, आणि उद्या सकाळी कोणते नियम असतील याची खात्री नॉर्वेच्या कंपनीला असते.

स्वित्झर्लंडने सुटे करार निवडले. जून 1999 मध्ये सात करारांवर सह्या झाल्या: लोकांची मुक्त ये-जा, व्यापारातले तांत्रिक अडथळे, सरकारी खरेदी, शेती, रस्ते-रेल्वे वाहतूक, हवाई वाहतूक आणि संशोधन. मे 2000 मध्ये 67 टक्के मतदारांनी त्यांना मान्यता दिली. तरी ते लागू झाले जून 2002 मध्ये, कारण ये-जेचा करार संमिश्र होता, त्याला प्रत्येक सदस्य देशाची मंजुरी लागत होती आणि सातही एकमेकांना बांधलेले होते. त्या गाठीलाच गिलोटिन कलम म्हणतात: एक करार रद्द झाला की सहा महिन्यांत सगळेच गळून पडतात. सुटे करार घेतले म्हणजे हवा तो ठेवता येतो, हवा तो सोडता येतो, या समजुतीला यात काही जागा उरत नाही.

या करारांची खरी अडचण पुढे आली. त्यातले बरेचसे नियम आपोआप नवे होत नाहीत. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना सहमती द्यावी लागते. महासंघाला एक समान चौकट हवी होती. 2014 पासून त्यावर वाटाघाटी झाल्या, 2018 अखेर मसुदा आला, आणि 26 मे 2021 रोजी स्विस सरकारने त्या थांबवल्या. नेमक्या त्याच दिवशी महासंघाचे वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू झाले आणि परस्पर मान्यतेचा (एकमेकांची तपासणी-प्रमाणपत्रं मानण्याचा) तो भाग अद्ययावत झाला नाही. परिणाम अगदी जमिनीवरचा: काल जे उपकरण थेट जर्मनीत जात होतं, त्याच्यासाठी आज महासंघात अधिकृत प्रतिनिधी नेमायचा, आयातदार ठरवायचा आणि वेष्टनावरची लेबलं बदलायची. कुणी करार मोडला नव्हता, फक्त तो जुना झाला होता. पुढे मार्च 2024 मध्ये पुन्हा वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्याच डिसेंबरमध्ये त्या पूर्ण झाल्याचं दोन्ही बाजूंनी जाहीर केलं. त्यात नव्या नियमांची जुळवणी आणि वाद सोडवण्याची यंत्रणा हे विषय मध्यवर्ती आहेत. म्हणजे नॉर्वेने सुरुवातीलाच मान्य केलेल्या मुद्द्याकडे स्वित्झर्लंड तीन दशकांनी, वेगळ्या रस्त्याने, येतो आहे.

तुर्कस्तानची वाट मी कुणालाही सुचवणार नाही. 1963 च्या अंकारा कराराच्या आधारे, संयुक्त मंडळाच्या निर्णयाने, 1995 अखेर सीमाशुल्क संघ उभा राहिला. महासंघ तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करतो तेव्हा त्या देशाचा माल महासंघामार्गे तुर्की बाजारात येऊ शकतो, पण त्या देशाने तुर्कस्तानला तशीच सवलत द्यावी असं बंधन नसतं. दुसऱ्याच्या करारांनी आपलं दार उघडं राहावं आणि त्या टेबलावर आपली खुर्चीही नसावी, हे अन्यायाचं आहे.

निवड करताना

तुमचा देश दुसऱ्या एखाद्या आर्थिक गटाचा सदस्य असेल किंवा व्हायची शक्यता असेल, तर आर्मेनियाकडे बघा. जुलै 2013 मध्ये साहचर्य कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या आणि सप्टेंबरमध्ये आर्मेनियाने रशियाच्या सीमाशुल्क संघात जाण्याची घोषणा केली. सगळं वाया गेलं असं मात्र नाही. शुल्काचा भाग वगळून नवा करार झाला, त्यावर नोव्हेंबर 2017 मध्ये सही झाली आणि मार्च 2021 पासून तो पूर्णपणे लागू आहे.

सदस्यत्वच हवं असेल, तर मोठा साहचर्य करार घ्या आणि मंजुरीतला धोका पत्करा. त्यातून होणारे कायदेबदल पुढे कामाला येतात. व्यापार सुरळीत ठेवणं एवढंच उद्दिष्ट असेल, तर ब्रिटनसारखा, फक्त महासंघाच्या नावाचा करार बरा. अर्थव्यवस्था महासंघात खोलवर गुंतलेली असेल आणि देशांतर्गत राजकारणाला 'नियम त्यांचे' हे वाक्य पेलवणार असेल, तर नॉर्वेची वाट सर्वांत स्थिर आहे. सुटे करार माझ्या मते शेवटचा पर्याय. ते घ्यायचेच असतील तर ते अद्ययावत कसे होणार आणि वाद कोण सोडवणार, हे पहिल्याच मसुद्यात लिहून घ्या.

कोणताही पर्याय निवडा, तात्पुरत्या अंमलबजावणीचं कलम सोडू नका. आणि करार संपवण्याच्या नोटिशीची मुदत नीट वाचा. ब्रिटनच्या आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारात ती बारा महिन्यांची आहे, युक्रेनच्या करारात आणि स्विस गिलोटिनमध्ये सहा. ज्या कारखान्याची निम्मी निर्यात महासंघात जाते, त्याला नवा बाजार शोधायला, नवी प्रमाणपत्रं घ्यायला आणि कर्जाची फेररचना करायला सहा महिने पुरत नाहीत. या एका कलमासाठी वाटाघाटीत दुसरीकडे थोडं सोडावं लागलं, तरी सोडावं.