जेट पंपाचं तेल: आपणच बदलावं की मेकॅनिक बोलवावा?

मे संपत आला की देवबाग-तारकर्लीच्या जेट-स्की एकेक करून ट्रॉलीवर चढतात आणि माडांखाली ताडपत्रीत जातात. याच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो: पाणी मागे फेकून मशीन पुढे ढकलणाऱ्या जेट पंपाचं तेल आपणच बदलायचं, की गोव्याहून मेकॅनिक बोलवायचा?

आधी हे बघा की तुमच्या मशीनच्या पंपात तेल आहे का. ‘जेट-स्की’ हे खरं तर कावासाकीचं नाव, पण आपल्याकडे सगळ्याच मशीनना तेच म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ज्याच्या बेअरिंगांना तेल लागतं असा पंप म्हणजे बहुतेक जुनी सी-डू, हीही एक कंपनीच. यामाहा, कावासाकीच्या पंपांत साधारणपणे ग्रीसवर काम भागतं आणि नव्या सी-डूंमध्येही तेल नसतं. मॅन्युअलच्या देखभालीच्या तक्त्यात जेट पंप ऑइलची ओळच नसेल, तर हा खर्च तुमचा नाहीच.

तेल असेल तर ते पंपाच्या मधल्या पोकळीत असतं आणि इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या, शाफ्टची बेअरिंगं त्यातच फिरतात. पोकळीच्या मागच्या तोंडावर शंकूसारखं झाकण, तीन स्क्रूंवर बसवलेलं, आत ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी. तेल लागतं ते अगदी थोडं. त्यामुळे घरी केलं तर पैसे वाचतात, हे खरंच. पण त्या झाकणापर्यंत पोचायला आधी मागचा नॉझल (पाणी बाहेर फेकणारं तोंड) उतरवावा लागतो, स्टिअरिंगची केबल सोडवावी लागते. अवघड काही नाही, फक्त सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय इंपेलरजवळ बोट नेऊ नका.

खरी परीक्षा त्या तीन स्क्रूंची. स्क्रू स्टीलचे, पंप ॲल्युमिनियमचा आणि मध्ये आपलं खारं पाणी. दोन हंगामांत ते एकमेकांना असे चिकटतात की पाना फिरतो, स्क्रू नाही. पहिल्या वर्षी मी जोर लावला आणि एकाचं डोकं माझ्या हातात आलं. उरलेला तुकडा ड्रिलने काढायला शेवटी मेकॅनिकच आला, तेव्हा वाचवलेल्या पैशांचं काय झालं ते सांगायला नको. आता आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतो, सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलकेच दोन-तीन ठोके देतो आणि उरलेला स्प्रे पुसून हीट गनने थोडं गरम करतो, म्हणजे जुनं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद) मऊ पडतं. तरीही हलला नाही तर तिथेच थांबतो.

झाकण निघालं की तेल पांढऱ्या वाटीत घ्या. पुढचा निर्णय त्या वाटीतच होतो. तेल स्वच्छ निघालं, तर नवी ओ-रिंग बसवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पातळीपर्यंत भरून मोकळे व्हा. शेजारच्याच्या मशीनमधून मात्र गढूळ, तांबूस-पांढरं काहीतरी आलं. त्याची आई पडवीतून बघत होती, म्हणाली, “अरे, ह्यां तेल नाय, चाय झाली!” नेमकं तेच असतं ते: आत पाणी शिरलंय. नुसतं तेल बदललं तर पुढच्या महिन्यात पुन्हा चहा. ओ-रिंग गेली असेल तर ती घरी बदलता येते. पण शाफ्टचं सील गेलं असेल तर इंपेलर उतरवायला हवा आणि त्याला खास टूल लागतं. वाटीत चमचमणारे कण दिसले तर बेअरिंगच संपत आलंय. या दोन्ही वेळी मी स्वतः काही करत नाही.

मेकॅनिकची खरी किंमत इथेच वसूल होते. हवा भरून पंप दाब धरतो का, हे तो बघतो. जुन्या सी-डूला साधारण १० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) पुरे, त्याहून जास्त दाबाने चांगलं सीलही उडेल. शिवाय इंपेलर आणि त्याच्याभोवतीची झिजणारी वेअर रिंग यांच्यातली फट तपासतो. कर्ली नदीच्या मुखाजवळ ओहोटीला पाणी उथळ होतं. मशीनखाली निदान तीन फूट पाणी हवं, हा नियम गर्दीच्या दिवशी कोण पाळतो? वाळू ओढली जाते, रिंग झिजते आणि इंजिन ओरडतं तेवढी मशीन पळत नाही. भाड्याच्या मशीनला ही तपासणी दर वर्षी हवीच.

मेकॅनिकच्या बाजूने एक खोटही आहे. हंगामाच्या शेवटी त्याला सगळेच बोलावतात, घाई असते आणि हाताला येईल तो डबा उघडला जातो. एकदा माझ्या डोळ्यांदेखत रिक्षाच्या गिअरबॉक्ससाठी आणलेलं ईपी-९० ओतलं जाणार होतं. जुन्या सी-डूला सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. बाटली तुम्हीच आणा आणि सीलबंद त्याच्या हातात द्या.

“सप्टेंबरला उघडताना बघू” असं म्हणणारे बरेच असतात. मला ते अजिबात पटत नाही. तेलात पाणी असेल तर अख्खा पावसाळा बेअरिंग त्यातच बसून गंजतं. मेमध्ये उघडलं तर सील मागवायला तीन महिने हाताशी राहतात. नाहीतर गणपतीत पाहुणे दारात आणि मशीन जॅकवर, असं होतं.

एकच मशीन असेल, ती खाडीपुरती वापरात असेल आणि मागच्या वर्षी तेल स्वच्छ निघालं असेल, तर घरीच करा. तीन-चार मशीन भाड्याने चालत असतील तर एकाच दिवशी मेकॅनिक बोलवा, येण्याजाण्याचा खर्च विभागला जातो. सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी मालकासमोर झाकण उघडायला सांगा. नको म्हणाला तर भाव तिथेच पाडा.

आणि वाटीतलं जुनं तेल माडाच्या आळ्यात ओतू नका. विहीर दहा पावलांवर असते. बाटलीत भरून गॅरेजात द्या.