गाड्यांच्या कारखान्यात सगळं रोबोंवर सोपवावं की माणसंही हवीत?

वेल्डिंग, रंगकाम, जड बॅटरी पॅक उचलणं यांत रोबोच सरस. तो थकत नाही, अचूकता ढळत नाही. पण वायरिंग, रबरी सील अशा लवचीक वस्तू दर वेळी वेगळ्या वळतात. तिथे कॅमेरा गोंधळतो, माणसाची बोटं मात्र क्षणात अंदाज घेतात.

टेस्लाने मॉडेल 3 या इलेक्ट्रिक गाडीसाठी भलतंच स्वयंचलन केलं. बॅटरीवर काचतंतूंची चटई ठेवणाऱ्या रोबोला ती धड उचलताच येईना. शेवटी चटईच काढून टाकली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात चक्क तंबूत, बऱ्याच अंशी माणसांच्या हातांवर चालणारी जुळणीची लाइन उभी राहिली आणि जूनअखेर टेस्लाने आठवड्याला 5000 मॉडेल 3 गाड्यांचा टप्पा गाठला.

म्हणून मी बॉडी शॉप, म्हणजे गाडीचा सांगाडा वेल्डिंगने जोडण्याचा विभाग, रोबोंना देईन, अंतिम जुळणी माणसांना. डिझाइन बदललं तरी माणूस लवकर शिकतो. रोबोची मांडणी नव्याने करावी लागते.