अंबरमधले किडे टिपण्यासाठी मोटर रेल आणि ४एक्स ऑब्जेक्टिव्ह: आठ महिन्यांचा अनुभव

फोकस स्टॅकिंगसाठी (वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेले फोटो जोडून एकच स्पष्ट फोटो करण्यासाठी) मोटरवर बारीक टप्प्यांनी सरकणारी रेल आणि ४एक्सचं, म्हणजे चौपट मोठं दाखवणारं, मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्ह (भिंग) घेतलं, ते खास माझ्याकडच्या बाल्टिक अंबरसाठी, म्हणजे किडे अडकलेल्या प्राचीन झाडांच्या अश्मीभूत राळेसाठी. पहिले दोन महिने माशी धुक्यातून पाहिल्यासारखीच दिसत राहिली. मी रेलमध्ये खोट शोधत होतो. खोट होती अंबरच्या पृष्ठभागात.

अंबरचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण १.५४. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या तुकड्यावरही बारीक ओरखडे असतात आणि प्रत्येक ओरखडा प्रकाश विस्कटतो. आता मी ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवतो. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७, हवेपेक्षा अंबरच्या कितीतरी जवळचा, त्यामुळे ओरखडे जवळपास दिसेनासे होतात. पहिल्याच प्रयत्नात सायरिड कुळातल्या चिमुकल्या माशीच्या स्पर्शिकेची सोळा पेरं मोजता आली. खात्री करायला मी ती तीनदा मोजली! नंतर ग्लिसरीन पाण्याने धुतलं जातं. तडा गेलेल्या तुकड्यावर मात्र हे करू नका, द्रव आत शिरतो. अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन तर जवळही आणू नका.

कोरड्या कापडाने पुसणंही टाळा. अंबरला तृणमणी म्हणतात ते यासाठीच: घासला की गवताची काडी ओढून घेतो, आणि तितक्याच ओढीने कापडाचे तंतूही.

रेलवर मी खूश आहे. विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो तसंच इथेही होतं, पुढून मागे दीड मिलिमीटर भरणारी माशी रेलच्या हिशेबात एक मिलिमीटरच भरते. २५ मायक्रॉनच्या टप्प्याने ४० फोटो पुरतात. दिशा उलटवली की सुरुवातीचे काही टप्पे वाया जातात, म्हणून नेहमी एकाच दिशेने चालवा. फोटो जुळवताना पिरॅमिड पद्धतीत (प्रत्येक फोटोतला स्पष्ट तपशील उचलून जोडणारी) केस सुरेख येतात, पण नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. डेप्थ मॅपमध्ये (प्रत्येक बिंदूची खोली ठरवून जोडणाऱ्या पद्धतीत) एकमेकांवरून गेलेले पाय बिघडतात. मी दोन्ही करून हाताने जोडतो. प्रकाशासाठी ट्रेसिंग पेपरची नळी आणि बाहेरून दोन एलईडी, एवढं बास.

बाल्टिक अंबरमध्ये किड्याभोवती पुष्कळदा दुधाळ पांढरा थर असतो. त्यापुढे हा सगळा संच हतबल आहे. तिथे मायक्रो-सीटीच (क्ष-किरणांनी आतलं त्रिमितीय चित्र काढणारं स्कॅन) हवं. माझ्या एका कोळ्याची डावी बाजू अशीच झाकलेली आहे. उजवीकडून मात्र परवा त्या बाजूचे चारही डोळे स्वच्छ आले.