संभाव्यता संच: दहा चेंडूंपेक्षा चार बरे

गणित प्रयोगशाळेसाठी जे तयार संभाव्यता संच मिळतात, त्यांतलाच हा एक. कापडी पिशवी, १० लाकडी चेंडू (५ लाल, ३ निळे, २ पिवळे), दोन फासे, पत्त्यांचा कॅट, काट्याची तबकडी आणि कृतिपुस्तिका. सामान धड आहे, घोळ पुस्तिकेच्या पहिल्याच प्रयोगात आहे.

संभाव्यतेची ओळख दहावीच्या गणित भाग १ मध्ये होते, पण स्वतंत्र घटना, म्हणजे एक घडल्याने दुसरीची शक्यता बदलत नाही अशा घटना, अकरावीत येतात. हा प्रयोग त्या मुलांसाठी. एक चेंडू काढायचा, तो परत टाकून दुसरा काढायचा. मग हेच परत न टाकता. ‘दोन्ही लाल’ किती वेळा आले ते मोजायचं. परत टाकला तर ५/१० × ५/१० म्हणजे २५ टक्के, न टाकला तर ५/१० × ४/९ म्हणजे २२.२ टक्के. गणित बरोबर आहे, पण पुस्तिका जोड्या काढायला सांगते फक्त २०-२०. अपेक्षित आकडे मग ५ आणि ४.४! इतक्या कमी जोड्यांत निव्वळ योगायोगानेच आकडा दोनाने इकडेतिकडे होतो. साधारण एक तृतीयांश गटांच्या वहीत उलटाच निकाल येणार आणि सर तो ‘प्रयोगातली चूक’ म्हणून सोडून देणार.

यावर उपाय फुकटचा आहे. पिशवीत २ लाल आणि २ निळेच ठेवा आणि ‘दोन्ही एकाच रंगाचे’ मोजा. परत टाकल्यास संभाव्यता १/२, न टाकल्यास १/३. साठ-साठ जोड्यांत ३० विरुद्ध २०. हा फरक जवळजवळ प्रत्येक गटाला दिसतो.

मात्र ‘परत टाकणे’ नीट झालं पाहिजे. टाकलेला चेंडू वरच राहतो, पुढचा हातही वरच जातो आणि तोच चेंडू पुन्हा बाहेर येतो. मग कागदावर स्वतंत्र असलेल्या घटना पिशवीत स्वतंत्र राहत नाहीत. दर वेळी पिशवी तोंड धरून पाच-सहा वेळा उलटीपालटी करावी. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय पिवळ्या चेंडूंवर रंगाचा थर जाड आहे, बोटांना लगेच कळतो. कापडही इतकं पातळ की खिडकीपाशी धरलं तर लाल रंग बाहेरून दिसतो.

फाशाचं पान मात्र झकास. एकाच फाशावर ‘सम संख्या’ आणि ‘४ किंवा कमी’ घ्या: १/२ × २/३ = १/३, आणि दोन्ही अटींत बसणारे २ आणि ४ म्हणजे २/६, तेही १/३. गुणाकार आणि प्रत्यक्ष संभाव्यता सारखी, म्हणून घटना स्वतंत्र. आता ४ ऐवजी ३ करा: गुणाकार १/४, प्रत्यक्षात फक्त २ उरतो, म्हणजे १/६. स्वतंत्र नाहीत. स्वतंत्र घटनांना दोन फासे लागतातच असं नाही, हे इतक्या थोडक्यात क्वचितच पटवलेलं दिसतं. पण त्याच पानाच्या तळाशी ‘परस्पर अपवर्जी घटना स्वतंत्र असतात’ असं छापलंय (परस्पर अपवर्जी म्हणजे एकाच वेळी घडूच न शकणाऱ्या), ते आधी खोडा. सम आला म्हणजे विषमाची शक्यता थेट शून्य. याहून जास्त अवलंबून काय असणार?

तबकडी सपाट टेबलावरच ठेवावी आणि काट्याला किमान चार फेरे होतील इतका जोर द्यावा. हळू टिचकी मारली तर काटा मागच्या जागेपासून ठरावीकच अंतर जातो, म्हणजे आधीचा निकाल पुढच्यात शिरतो.

पिशवी एकच असल्याने सगळ्या वर्गाला एक संच पुरत नाही, पण गटागणिक संच घेण्याइतकंही यात काही नाही. एक घ्या. बाकी गटांना कॅरमच्या दोन पांढऱ्या, दोन काळ्या सोंगट्या आणि जाड कापडाची पिशवी द्या. एकाच जोडातल्या सोंगट्या हाताला सारख्याच लागतात, संचातल्या चेंडूंपेक्षा सरस.